सत्कारानंतरचा तास : माजी सैनिकांच्या तोंडून लष्करी इतिहास शिकवताना

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांमध्ये माजी सैनिक येतात ते प्रजासत्ताक दिनाला, कारगिल विजय दिवसाला किंवा ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला. झेंडावंदन होते, शाल-श्रीफळ दिले जाते, पाहुणे दहा-पंधरा मिनिटे बोलतात, मुले टाळ्या वाजवतात आणि खाऊ घेऊन घरी जातात. यात गैर काही नाही. पण पूर्व पाकिस्तानच्या पाणथळ शेतांतून चालत गेलेला किंवा सियाचीनच्या चौकीवर हिवाळा काढलेला माणूस शाळेत येऊन गेला आणि मुलांच्या वहीत त्याची एक ओळही उतरली नाही, तर इतिहासाच्या शिक्षकाची मोठी संधी हुकली असेच म्हणावे लागेल. सत्काराच्या भाषणात सैनिक समारंभाला शोभेल तेवढेच बोलतो. त्याने स्वतः काय पाहिले, कशाची भीती वाटली, कोणता हुकूम का आला ते कळलेच नाही, हे सगळे तो सांगतो ते कोणी तयारीने, निवांतपणे आणि नेमके विचारले तरच.

वेळही फार उरलेला नाही. १९७१ च्या युद्धात अठरा-वीस वर्षांचा असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. १९६५ चे सैनिक ऐंशीच्या आसपास आहेत, १९६२ चे त्याहूनही पुढे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत किंवा ब्रह्मदेशात लढलेल्यांच्या गोष्टी आता बहुधा मुलगे आणि नातवंडेच सांगतात. कारगिलची पिढी मात्र अजून पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहे, कामात आहे, आणि तिला कोणी फारसे विचारलेलेही नाही.

इतर देशांनी हे काम संस्थांच्या पातळीवर केले. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने १९७२ मध्ये ध्वनिसंग्रह सुरू केला आणि सैनिकांबरोबर सामान्य नागरिकांचेही अनुभव मुद्रित केले. अमेरिकेच्या संसदेने २००० साली कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये माजी सैनिकांच्या कथनांचा प्रकल्प उभा केला. त्यात मुलाखत किमान अर्ध्या तासाची असावी लागते आणि ती घेणाऱ्यांत विद्यार्थीही असतात. सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण ढाक्याचे आहे. तिथल्या मुक्तियुद्ध संग्रहालयाने शाळांतल्या मुलांना घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून १९७१ च्या आठवणी लिहून आणायला सांगितले, आणि मुलांनी जमवलेल्या त्या हकिकतींचा मोठा संग्रह तिथे तयार झाला. ज्या युद्धात मराठा पलटणी लढल्या, त्याच युद्धाबद्दल सीमेपलीकडची मुले आजी-आजोबांना विचारून लिहीत आहेत. इथल्या मुलांनीही लिहायला हवे.

भारतीय शिपायांच्या अगदी जुन्या ध्वनिमुद्रित आवाजांची कथा या कामातला पहिला धडा शिकवते. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हाती पडलेले काही भारतीय शिपाई बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फच्या छावणीत होते. १९१५ ते १९१८ या काळात जर्मन अभ्यासकांनी भाषा आणि उच्चार यांच्या अभ्यासासाठी तिथल्या युद्धकैद्यांचे आवाज मुद्रित केले. ते आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. कैदेत असलेला माणूस पकडणाऱ्यासमोर बोलत होता, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या दुःखापेक्षा त्याच्या व्याकरणात रस होता. साक्ष कोण घेतो, कशासाठी घेतो आणि कुठे घेतो, यावर साक्षीत काय येणार ते ठरते. शाळेच्या व्यासपीठावर, सरपंच आणि संस्थाचालक यांच्यासमोर घेतलेली साक्षही याला अपवाद नाही.

कोणाकडे जायचे

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात हा प्रश्न पडणार नाही. पहिल्या महायुद्धात या गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्याची नोंद सांगणारा स्मृतिस्तंभ गावात आहे. पण सैनिकांची परंपरा नसलेल्या शहरातल्या शाळेलाही अडचण येऊ नये. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, तालुक्याच्या ठिकाणी माजी सैनिकांच्या संघटना असतात, आणि बँकेत किंवा सोसायटीत सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा माणूस पुष्कळदा निवृत्त हवालदार निघतो. पश्चिम महाराष्ट्रात तर फौजेतून आलेल्या कोणालाही ‘मेजर’ म्हणायची रीत आहे. ती आपुलकीची आहे आणि बोलताना मुलांनी तशीच पाळावी, पण नोंदवहीत खरा हुद्दा, शाखा, पलटण आणि सेवेची वर्षे लिहावीत. नाईक, हवालदार आणि सुभेदार यांनी एकाच लढाईत वेगवेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात.

शाळांचा कल शौर्यपदक मिळालेल्या किंवा अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या व्यक्तीकडे असतो. तो थोडा बाजूला ठेवावा. अधिकाऱ्यांनी पुस्तके लिहिली आहेत, त्यांच्या मुलाखती छापून आल्या आहेत. ट्रक चालवणारा, लंगरात रोट्या लाटणारा, तारा ओढणारा सिग्नलवाला, जखमींना उचलून आणणारा वैद्यकीय दलाचा जवान, रणगाडे दुरुस्त करणारा कारागीर यांनी काहीच लिहिलेले नाही. फौज कशी चालते, हे मात्र हीच माणसे सांगू शकतात. पुढच्या मोर्च्यापर्यंत पाणी कसे पोहोचत होते, हा प्रश्न कोणत्याही हल्ल्याच्या वर्णनाइतकाच महत्त्वाचा आहे. कोकणातल्या शाळांनी नौदलातून निवृत्त झालेल्या खलाशांकडे जावे. भर समुद्रात इंजिनरूममध्ये काम करणाऱ्याला वर काय चालले आहे ते कितपत कळत होते, हे विचारावे.

फौजेत कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाकारली गेली, हाही लष्करी इतिहास आहे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी महारांची भरती थांबवली. स्वतः फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. एकाच गावात मराठा पलटणीत आजोबा असलेले घर असते, महार रेजिमेंटमध्ये वडील असलेले घर असते, आणि भरती कार्यालयातून परत पाठवलेल्या मुलाचेही घर असते. ही तीन घरे मुलांनी पाहिली, तर पाठ्यपुस्तकातल्या सामाजिक इतिहासाचा त्यांना वेगळाच अर्थ लागेल.

आणि घरातल्या बायका. वीरनारी, सैनिकाची पत्नी, त्याची आई, लष्करी रुग्णालयात काम केलेली परिचारिका यांच्याशिवाय ही साक्ष अर्धी आहे. घरी येणाऱ्या पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ एवढाच असायचा. तो माणूस नेमका कुठे आहे, ते गावात कोणालाच ठाऊक नसे. मग डिसेंबर १९७१ मध्ये आकाशवाणीच्या बातम्या कोणाच्या घरी ऐकल्या जात, पत्र वाचून कोण दाखवी, मनीऑर्डर थांबली तर काय अर्थ लावला जाई, तारवाला गल्लीत शिरला की काय होई, हे त्या बाईलाच माहीत. आज व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या मुलांना या गोष्टी मुद्दाम विचाराव्या लागतील, कारण सांगणाऱ्यांना त्या इतक्या नेहमीच्या वाटतात की त्या आपण होऊन सांगत नाहीत.

युद्धात न गेलेल्या सैनिकाला ‘तुमच्याकडे सांगण्यासारखे नाही’ असे अप्रत्यक्षही जाणवू देऊ नये. एप्रिल १९८४ पासून फौज सियाचीनवर आहे. १९८७ ते १९९० या काळात ती श्रीलंकेत शांतिसेना म्हणून होती, आणि तिथून परतलेल्यांच्या वाट्याला ना विजय दिवस आला ना शालेय पुस्तकातला परिच्छेद. ईशान्येतली आणि काश्मीरमधली सेवा, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा, पूर-भूकंपातले मदतकार्य हे सगळे त्या माणसाच्या पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीत असते.

मुलाखतीआधी

मुलाखतीच्या आधीचे दोन तास मुलाखतीपेक्षा महत्त्वाचे आहेत. महाराष्ट्रात नववीच्या इतिहासाच्या पुस्तकाने १९६० नंतरचा भारत घेतला आणि सुरुवातच इतिहासाच्या साधनांपासून केली, म्हणजे मौखिक साधनांचा विषय अभ्यासक्रमाला नवा नाही. त्या पाठाला धरूनच वर्गाने संबंधित युद्धाचा साधा कालक्रम तयार करावा. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झाले, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, या दोन तारखांच्या मध्ये काय काय घडले ते फळ्यावर असावे. भिंतीवर नकाशा असावा. पाहुण्याच्या पलटणीचे नाव आधीच कळले असेल, तर ती कुठल्या आघाडीवर होती ते शोधून ठेवावे. मुलांना काहीच माहीत नसेल, तर साक्षीदाराचा सगळा वेळ ढाका कुठे आहे ते सांगण्यात जातो.

भेट ठरवायला गेलेल्या शिक्षकाने पदके, जुने फोटो आणि डिस्चार्ज बुक जवळ ठेवण्याची विनंती करावी. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, युनिट आणि मिळालेली पदके यांची नोंद असते. पदके बोलकी असतात. १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. १९६५ साठी समर सेवा स्टार होता. छातीवरच्या फितीवरून माणूस कोणत्या आघाडीवर होता ते मुलांना ओळखता येते. अशी ओळख पटली की मुलांचे डोळे चमकतात, आणि सैनिकालाही कळते की समोरच्यांनी अभ्यास केला आहे. मात्र कागद पाहण्याचा हेतू उलटतपासणीचा नाही, हे मुलांना बजावून सांगावे. वस्तू हातात आली की आठवण जागी होते, एवढ्यासाठीच त्या मागायच्या.

प्रश्न वर्गातच तयार करून घ्यावेत, आणि पहिल्या खेपेला मुलांनी काढलेले बरेचसे प्रश्न बाद करण्याची तयारी ठेवावी. ‘देशासाठी लढताना कसे वाटले?’ असे विचारले की भाषण सुरू होते. ‘त्या रात्री पायात काय होते?’, ‘पाण्याची बाटली कुठे भरली?’, ‘पुढे निघायचा हुकूम तोंडी आला की वायरलेसवर?’, ‘शेजारच्या खंदकात कोण होते?’ असे विचारले की माणूस क्षणभर थांबतो, आठवतो आणि मग त्याने पाहिलेले सांगू लागतो. भरतीच्या दिवसापासून सुरुवात केलेली बरी. गावातून निघताना ट्रंकेत काय होते, हिंदी येत होते का, पहिल्या महिन्यात कोण रडले, पहिला पगार किती आणि तो कोणाच्या हातात दिला. युद्ध त्यानंतर आपोआप येते. आणि युद्धानंतरचेही विचारावे, कारण पेन्शनवर घरी आल्यावर शेती जमली का, दुसरी नोकरी कशी मिळाली, हे कोणीच विचारत नाही.

एक प्रश्न मुलांच्या मनात हमखास असतो: ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ तो दडपून टाकण्यापेक्षा भेटीआधी वर्गात त्यावर मोकळेपणी बोलावे. हा प्रश्न सिनेमातून आला आहे, खऱ्या माणसाला तो जखमेसारखा लागू शकतो, आणि पाहुणा स्वतःहून बोलला तरच ऐकायचे, असे स्पष्ट ठरवावे. इतके समजावल्यावर सहावी-सातवीची मुलेही जबाबदारीने वागतात.

जमालपूरचे उदाहरण

साक्ष आणि कागद एकमेकांशेजारी ठेवून कसे वाचायचे, यासाठी मराठी वर्गात १९७१ च्या जमालपूरच्या लढाईइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, या लढाईत होती. तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार करत होते. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी तळाचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना शरण येण्याविषयी पत्र पाठवले. मुक्तिवाहिनीचे जोहुरुल हक मुन्शी ते घेऊन गेले. उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानी तुकडी तळातून बाहेर पडून दक्षिणेकडे निसटायला निघाली आणि रस्ता अडवून बसलेल्या मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळली. ११ तारखेला जमालपूर पडले. त्याच दिवशी दक्षिणेला टांगाईलजवळ २ पॅरा बटालियन हवाई छत्र्यांनी उतरली. ही बटालियनही मूळची मराठा रेजिमेंटचीच.

आता समजा, त्या रात्री रस्त्याकडेच्या खंदकात असलेला एक निवृत्त जवान वर्गासमोर आहे. तो अंधाराविषयी सांगेल, थंडीविषयी, लांबून ऐकू येणाऱ्या गाड्यांविषयी, हातातल्या एल.एम.जी.विषयी. तो गोळी गुंडाळलेल्या पत्राविषयीही सांगेल, बहुधा रंगवून सांगेल. इथे मुलांनी नम्रपणे एकच विचारायचे: ‘आजोबा, हे तुम्हाला त्या रात्रीच माहीत होते, की नंतर कळले?’ बहुतेक प्रामाणिक माणसे थांबून उत्तर देतात की नंतर ऐकले, पलटणीत सांगत होते, किंवा पुढे पुस्तकात वाचले.

हा प्रश्न या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: स्वतः पाहिलेले, त्या वेळी इतरांकडून ऐकलेले, नंतर वाचलेले किंवा कळलेले. मुलाखतीतले प्रत्येक महत्त्वाचे विधान यांपैकी एका रकान्यात जावे. जे कुठेच बसत नाही त्यासमोर प्रश्नचिन्ह करावे आणि दुसऱ्या भेटीत विचारावे. हा साधा तक्ता भरताना मुलांना जे कळते ते व्याख्यानाने सांगता येत नाही. खंदकातल्या जवानाला ब्रिगेडची योजना माहीत नसते, ब्रिगेडियरला खंदकातला चिखल माहीत नसतो, आणि लढाईचा इतिहास लिहिणाऱ्याला दोघांकडे जावे लागते. मग वर्गाने तिसरी बाजूही घ्यावी. ढाक्यात पाकिस्तानी लष्कराचे जनसंपर्क अधिकारी असलेल्या सिद्दीक सालिक यांनी ‘विटनेस टू सरेंडर’ हे पुस्तक लिहिले आहे; त्यातला पराभवाचा काळ वाचणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला शत्रूही भुकेला आणि थकलेला होता, हे समजते. देशप्रेम त्याने कमी होत नाही.

कागद म्हणजे सत्य आणि आठवण म्हणजे कच्चा माल, अशी उतरंड मात्र लावू नये. रायगडचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत केलेल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे मानपत्र लंडन गॅझेटमध्ये छापलेले आहे आणि ते इंटरनेटवर वाचता येते. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले, ते एकटेच पुढे धावले, बॉम्ब टाकून त्यांनी गन बंद पाडली, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने झुंजले आणि शेवटी शत्रूच्या गोळ्यांनी पडले, असे त्यात म्हटले आहे. मुलांना विचारावे: घाडगे स्वतः हे सांगायला उरले नाहीत, मग हे कोणी पाहिले? शौर्यपदकाची शिफारस प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सांगण्यावर उभी असते. म्हणजे सरकारी शिक्क्याच्या त्या कागदाखालीही कोणाची तरी तोंडी साक्षच आहे. स्वतंत्र भारतातल्या शौर्यपदकांची मानपत्रे संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर आहेत. नौशेरा-राजौरी रस्त्यावर एप्रिल १९४८ मध्ये सुरुंग काढत पुढे गेलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या राम राघोबा राणे यांचे मानपत्रही असेच वाचून घेता येईल.

युद्धाचे कागद सगळेच हाती लागत नाहीत, म्हणूनही साक्षीचे मोल वाढते. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे दस्तऐवज साधारणपणे २५ वर्षांत खुले करण्याचे धोरण जाहीर केले. पण धोरण जाहीर होणे आणि कागद शाळेच्या टेबलावर येणे यात बरेच अंतर आहे.

आठवण चुकते तेव्हा

पन्नास वर्षांनी सांगणारा माणूस तारीख चुकतो, आकडा वाढवतो, दोन रात्रींची एक रात्र करतो. शिक्षकाने तिथल्या तिथे त्याला टोकू नये आणि मुलांनाही टोकू देऊ नये. इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचे एक प्रसिद्ध उदाहरण शिक्षकांना माहीत असावे. तेर्नी या पोलाद कारखान्याच्या शहरात १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनांत लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. अनेक वर्षांनी पोर्तेल्लींनी कामगारांना विचारले तेव्हा पुष्कळांनी तो मृत्यू १९५३ मध्ये, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळी झाल्याचे सांगितले. सगळेच एकाच दिशेने चुकत होते. त्या चुकीतून पोर्तेल्लींना कळले की एका सहकाऱ्याचा मृत्यू काहीही न करता सोसावा लागला, ही गोष्ट लोकांच्या मनाने स्वीकारलीच नव्हती.

सैनिकांच्या आठवणींतही असे होते. एखादा जवान शरणागतीच्या दिवशी आपण ढाक्यात होतो असे सांगतो आणि नोंदी त्याची पलटण दुसरीकडे दाखवतात. खोटे बोलतो म्हणून त्याला बाजूला सारणे सोपे आहे. त्याऐवजी वहीत दोन्ही गोष्टी लिहाव्यात आणि वर्गात चर्चा करावी: त्याला तिथे असावेसे का वाटले असेल? हवामान, जेवण, पायाचे फोड, मित्राचे शेवटचे शब्द यांच्या आठवणी पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतक्या पक्क्या असतात. तारखा, अंतरे आणि मेलेल्यांचे आकडे मात्र दुसऱ्या साधनाशी जुळवल्याशिवाय मुलांनी प्रकल्पात घेऊ नयेत.

नातवंडांकडून ऐकलेली कथा वेगळ्या वहीत ठेवावी. ‘पणजोबा कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होते’ असे एखाद्या घरात सांगितले जाते, आणि ते शक्यही आहे, कारण डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ च्या त्या वेढ्यात मराठा पलटणी होत्याच. इथे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची विनामूल्य ऑनलाइन सूची उपयोगी पडते. तिच्यात महायुद्धांत मृत्यू पावलेल्या अनेक भारतीय शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. इंग्रजी स्पेलिंग वाकडेतिकडे असते, म्हणून मुलांनी गावाचे नाव तीन-चार प्रकारे टाकून पाहावे. पुण्याजवळच्या शाळांना खडकीच्या युद्धस्मशानभूमीत जाऊन तिथले दगड वाचता येतील.

बोलता बोलता थांबणे

काही आठवणी बाहेर येताना माणूस हलतो. आवाज बसतो, तो उठून बाहेर जातो किंवा विषय बदलतो. अशा वेळी ध्वनिमुद्रण बंद करावे, पाणी द्यावे, आणि त्याने पुन्हा तो विषय काढला नाही तर आपणही काढू नये. मोठ्या माणसाला रडताना पाहून मुले घाबरतात. भेट संपल्यावर त्यांच्याशी बोलणे हे शिक्षकाचे कामच आहे. भेटीची तारीख ठरवताना कोणते दिवस नकोत ते सैनिकालाच विचारावे. ९ डिसेंबर १९७१ रोजी आय.एन.एस. खुकरी बुडाली, तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या जहाजाशी नाते असलेल्या माणसाला नेमका तो आठवडा बोलायला जड जाऊ शकतो. समारंभाचा मुहूर्त साधण्यासाठी त्याला गळ घालू नये.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ आजही लागू आहे. सेवेत असलेल्या जवानाची अशी मुलाखत शाळेने घेऊच नये. अलीकडे निवृत्त झालेल्यांना चौक्यांची ठिकाणे, सध्याची शस्त्रे, तुकड्यांच्या हालचाली विचारू नयेत. जेवण, थंडी, पत्रे, मैत्री, शिक्षण यांविषयी विचारायला भरपूर आहे.

मुद्रण, संमती आणि वर्ग

अख्खा वर्ग सैनिकाच्या घरी नेण्यापेक्षा तीन मुलांचा गट शिक्षकासह पाठवावा. एकाने विचारावे, एकाने फोन सांभाळावा, एकाने नावे आणि न कळलेले शब्द टिपावेत. साधा मोबाइल पुरतो, पण तो विमान मोडवर हवा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर कापडावर ठेवलेला हवा, आणि दुसरा फोनही चालू हवा. छताचा पंखा बंद करण्याची परवानगी आधी मागावी, कारण मुद्रणात सर्वांत जास्त घरघर त्याचीच येते. सुरुवातीला तारीख, गाव आणि हजर असलेल्यांची नावे मोठ्याने सांगावीत. पाऊण तासाच्या पुढे वयस्क माणसाला ताणू नये. पुन्हा येण्याची वेळ मागून घ्यावी. दुसऱ्या भेटीत माणूस जास्त मोकळा बोलतो.

संमतिपत्र मराठीत आणि एका पानाचे असावे. मुद्रण कोणाकडे राहील, वर्गात ऐकवले जाईल का, इंटरनेटवर जाईल का, कोणता भाग कोणालाही ऐकवू नये, आणि पुढे मन बदलले तर काय, हे त्यात लिहिलेले असावे. वाचायला त्रास होत असेल तर ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि मग सही घ्यावी. इंटरनेटवर टाकण्याची घाई शाळेने मुळीच करू नये. सैनिकाने बोलण्याच्या भरात मृत सहकाऱ्याविषयी सांगितलेले काही त्याच्या घरच्यांना ठाऊकही नसते.

मुलाखत लिहून काढताना भाषा सुधारू नये. सातारी, मालवणी, वऱ्हाडी जशी बोलली तशी लिहावी. ‘स्टँड-टू’, ‘बडाखाना’, ‘लंगर’, ‘सी.एच.एम.’ असे शब्द तसेच ठेवून शेवटी त्यांची यादी करावी. दहा मिनिटांचे मुद्रण लिहायला एका विद्यार्थ्याला तास-दीड तास लागतो, त्यामुळे काम गटात वाटावे. वर्गात पूर्ण मुलाखत ऐकवण्याचा मोह टाळावा. पाच-सात मिनिटांचे दोन उतारे, त्यांच्याबरोबर पाठ्यपुस्तकातला संबंधित परिच्छेद, नकाशा आणि तीन रकान्यांचा तक्ता एवढे एका तासाला पुष्कळ होते. पाचवी ते सातवीपर्यंत वस्तू, पत्रे आणि रोजचे जगणे यांवरच थांबावे. आठवीपासून साक्ष आणि कागद यांची तुलना जमते. गुण देताना अक्षर आणि सजावट यांपेक्षा एका गोष्टीला वजन द्यावे: विद्यार्थ्याने साक्षीदाराला काय माहीत असणे शक्य होते आणि काय नव्हते, हे ओळखले का?

लिहून झालेला मजकूर सैनिकाला नेऊन वाचून दाखवावा. तो नावे दुरुस्त करेल, काही ओळी काढायला सांगेल, काही नव्या सांगेल. काढायला सांगितलेले काढावे. अंतिम प्रत आणि मुद्रण पेन ड्राइव्हवर घालून त्याच्या घरी द्यावे, एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि तिसरी शाळेबाहेरच्या एखाद्या सुरक्षित ठिकाणी, कारण शाळांतले संगणक बदलतात आणि जुन्या फाइली त्यांच्याबरोबर जातात. फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि पलटण असावी. गावात काम सुरू करायचे झाल्यास जून-जुलैत साक्षीदारांची यादी करावी, दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या भेटी उरकाव्यात आणि १६ डिसेंबरच्या आठवड्यात, सैनिकाला चालत असेल तर, त्याला वर्गात बोलवावे. तोपर्यंत मुलांनी त्याची मुलाखत ऐकलेली असेल आणि त्यांच्याकडे विचारण्यासारखे पुष्कळ असेल. शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही. ते तासाच्या शेवटी द्यावे, म्हणजे प्रश्नांना वेळ राहील.